बोडिल मावशीने न धुतलेला रुमाल

आमच्या बोडिल मावशीने राजाला उभ्या आयुष्यात एकदाही समोरून पाहिलं नाही. पण त्याची एकही गोष्ट तिच्यापासून लपली नाही. कोपनहेगनच्या राजवाड्यातल्या धुलाईघरात तिने बावन्न वर्षं काढली. राजा प्रधानांपासून लपवायचा, बायकोपासून लपवायचा, पाद्र्यापासून तर सगळंच लपवायचा. पण अंगातला सदरा शेवटी आमच्याकडेच यायचा.

आमच्याकडे राजे दोनच नावांचे. बाप फ्रेडरिक तर मुलगा ख्रिश्चन, त्याचा मुलगा पुन्हा फ्रेडरिक. नवं नाव शोधायचाही या लोकांना कंटाळा. मावशीचा राजा म्हणजे चौथा ख्रिश्चन. त्याने डोक्यावर मुकुट घातला त्याच वर्षी पंधरा वर्षांची मावशी खेड्यातून कोबीच्या गाडीत बसून शहरात आली. राज्याभिषेकाला मोठमोठे सरदार आले होते, नाच झाले, आतषबाजी झाली. मावशीला विचारलं की राज्याभिषेक कसा होता, तर ती म्हणायची, "मेजपोशांचा ढीग माझ्या डोक्याच्या वर होता. आणि एकावरही तळहाताएवढी पांढरी जागा शिल्लक नव्हती. देवाने त्याला मुकुट दिला आणि वाईनचे डाग आम्हाला."

पुढचं सगळं राज्य तिने असंच पाहिलं. राजा तरुण होता तेव्हा वाईन आणि बिअर. मग त्याला बांधकामाचं वेड लागलं, तेव्हा बाह्यांना चुना. स्वतः शिडीवर चढून गवंड्यांना शिकवायचा म्हणे. मग शाई, कारण हा राजा गवताच्या गंजीपासून ते स्वयंपाकघरातल्या मेणबत्त्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिहायचा. शाईला मावशी आंबट दूध लावायची आणि बडबडायची, "राज्य करायला माणसं ठेवलीत ना? मग यालाच कशाला सगळी उठाठेव?" राजाची मुलं किती हे दरबारात कुणाला नक्की सांगता यायचं नाही. आम्ही लंगोटांवरून मोजायचो. राणी गेल्यावर आणलेल्या बायकोशी त्याचं बिनसलं, तेव्हा दोन बिछान्यांच्या चादरी वेगळ्या यायला लागल्या. ते सबंध देशाला कळायच्या आधी आम्हाला कळलं होतं.

जर्मनांच्या मुलखात जाऊन तो हरला, तेव्हा चर्चमध्ये पाद्री म्हणाला की देव आपली परीक्षा पाहतोय, सर्वांनी उपास करा. मावशीने विजारींच्या गुडघ्यांवरचा चिखल पाहिला आणि म्हणाली, "हरला तो, आणि भूक आमची." आणि त्या दिवशी पडद्यामागे बसून तिने आणि मी बिअरमध्ये शिजवलेला राईचा पाव पोटभर खाल्ला. देवाने त्याबद्दल काही शिक्षा केल्याचं मला तरी आठवत नाही.

मी गेर्ट्रूड, तिच्या बहिणीची मुलगी. आई तापाने गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. मावशीने मला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि हातात धोपाटणं दिलं. प्रेम करायची तिची तेवढीच रीत होती. रक्ताला थंड पाणी, गरम लावलंस तर जन्मभर निघणार नाही. वाईनला दूध. मेणाला आधी गार होऊ दे. राखेच्या पाण्यात कापड किती वेळ ठेवायचं ते ती बोट बुडवून सांगायची. तिच्या हातातून न निघालेला डाग या शहरात नाही, असं ती स्वतःच म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. एकदाच फजिती झाली. हिंदुस्थानातून जहाजाने आलेलं छापील सुती कापड तिने आमच्या तागाच्या कापडासारखं राखेच्या पाण्यात टाकलं, तर डागाबरोबर फुलंही गेली. त्यावर ती म्हणाली, "फुलं म्हणजे डागच की, फक्त हौसेने पाडलेले."

तिचा नवरा येप खलाशी होता. दोन युद्धांतून धडधाकट परत आला आणि बंदरात पिऊन पाण्यात पडून मेला. मुलगा एकच, एस्बेन. तोही आरमारात, तोफेवर. अंगाने दांडगा, हसायला लागला की भिंतीपलीकडची म्हातारी भिंत ठोकायची. मोहिमेवरून आला की दारातूनच ओरडायचा, "आई, खायला काय आहे?"

"आधी सदरा काढ."

"अगं, भूक लागलीय!"

"सदरा काढ म्हणते ना! त्या कपड्यांत माझ्या मेजाशी बसायचं नाही. राजा बरा तुझ्यापेक्षा. रोज बदलतो."

"राजाला दुसरं काम काय आहे? मलाही तेवढे सदरे दे, मीही बदलीन."

मग तो उघडाच बसून खारवलेले हेरिंग मासे आणि पाव खायचा, आणि मावशी तेवढ्यात त्याचा सदरा पाण्यात टाकून यायची. धुतल्याशिवाय जेवण नाही, हा तिचा नियम. तो पस्तिशीचा झाला तरी चुकला नाही.

वर्षातून एकदा राजवाड्यातली विरलेली कापडं आम्हा धुणाऱ्या बायकांत वाटायचे. अट एकच, की त्यावरची राजाची खूण उसवून टाकायची. कोपऱ्यात लाल दोऱ्याने मुकुट आणि खाली राजाचं अक्षर शिवलेलं असायचं. राजाची खूण अंगावर दिसली तर चोरी. मावशीने एका वर्षी जेवणाचा एक रुमाल घेतला, खूण उसवली, आणि एस्बेनला गळ्याभोवती बांधायला दिला. तो तो रुमाल बांधून गल्लीतून असा चालायचा, जसं काही राजाच्या ताटात जेवून आलाय.

मग स्वीडनशी पुन्हा जुंपली. राजा तेव्हा सदुसष्ट वर्षांचा. त्या वयात माणसं शेकोटीपाशी बसतात, हा स्वतः जहाजावर चढला. जुलैच्या पहिल्या दिवशी समुद्रात लढाई झाली. तोफेचा गोळा जहाजावर आदळला, लाकडाच्या आणि लोखंडाच्या कपच्या उडाल्या, राजाचा एक डोळा गेला. तरी तो उठून उभा राहिला, हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्यावर गाणी आहेत. आणि मी म्हणते, उभा राहिला हे खरंच मोठं. म्हाताऱ्याला हिंमत होती. पण त्याच दिवशी, त्याच जहाजावर एस्बेन पडला, आणि तो उठला नाही. त्याच्यावर गाणं नाही.

आधी राजा वाचला म्हणून चर्चच्या घंटा वाजल्या. मग आठवड्याने त्याचा सोबती ट्रोल्स आमच्या दारात आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बस ना," मावशी म्हणाली.

"बसत नाही, मावशी."

तेवढ्यावरून तिला कळलं. ट्रोल्सने मेजावर तीन वस्तू ठेवल्या: एक सुरी, एक लाकडी चमचा आणि तो रुमाल. जखमेवर तोच दाबून धरला होता. एस्बेनला समुद्रातच सोडलं होतं. त्या रविवारी चर्चमध्ये पाद्र्याने राजाचा उरलेला डोळा वाचवल्याबद्दल देवाचे आभार मानले, आणि आम्ही गुडघ्यांवर बसून आमेन म्हणालो.

मावशीने तो रुमाल धुतला नाही. मी रोज वाट पाहत होते. गादीखाली तिने तो ठेवला होता, रक्त वाळून काळपट तपकिरी झालेलं, कापड कडक. जिला पाहुण्यांच्या अंगावरचा डागही कधी बघवला नाही, ती त्याच्यावर रोज झोपत होती. तिचं हसणं तर बंदच झालं होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला कारभारी मौरिट्स धुलाईघरात आला. मौरिट्स म्हणजे राजवाड्याच्या कापडांचा कारभारी; मान लांब, अक्कल आखूड, आणि बोलणं असं की उशीचा अभ्रा मागतानाही फर्मान वाचल्यासारखं वाटायचं. त्याच्या हातात गाठोडं होतं.

"बोडिलबाई, हे महाराजांचे लढाईतले कपडे. सात नग. जपून ठेवायचे आहेत. महाराजांची आज्ञा."

"ठेवते की."

"जपून हं!"

"अहो कारभारी, पिढ्यानपिढ्या तेच करतेय मी, मला सांगू नका. जपूनच ठेवीन."

"पिढ्यानपिढ्या?"

"बरं, अठ्ठेचाळीस वर्षं. जा आता, जेवण थंड होईल तुमचं."

तो गेला. त्याने एवढंच सांगितलं, आणि त्याचं त्याला वाटलं की सगळं सांगितलं. पण आमच्यात जपून ठेवणं म्हणजे काय? धुवायचं, वाळवायचं, घडी घालायची, पेटीत ठेवायचं. मळकं कापड पेटीत ठेवणारी बाई या देशात अजून जन्मली नाही. ठेवलं तर शेजारणी नावं ठेवतात. मावशीने गाठोडं उघडलं. सदरा, कोट, कॉलर, विजार, मोज्यांची जोडी, टोपीच्या आतलं कापड आणि तळाशी जेवणाचा एक रुमाल, राजाच्या डोळ्यावर धरलेला. सगळ्यांवर महिन्याचं वाळलेलं रक्त. असं रक्त निघत नाही. कुणालाही विचारा, निघत नाही.

मावशीच्या डोळ्यांत किती दिवसांनी काहीतरी चमकलं. तिची रीत अशी, की अवघड डाग असला तर आधी सगळ्यांत लहान कपड्यावर करून बघायचं. तिने रुमाल घेतला. तीन दिवस ती त्याच्या मागे होती. विहिरीचं गार पाणी, मीठ, पुन्हा पाणी, मग स्वतःची थुंकी लावून बोटांनी चोळणं. राजाच्या रक्तावर ती मन लावून थुंकत होती. मग तटाबाहेरच्या गवतावर उन्हात. तिसऱ्या दिवशी दुपारी रुमाल दुधासारखा पांढरा झाला. तो दोरीवर टाकून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बघ गं गेर्ट्रूड! कुठे होतं ते तरी दाखव!"

आणि ती हसली. एस्बेन गेल्यानंतर पहिल्यांदा.

तेवढ्यात मौरिट्स आला. दोरीकडे पाठ करून उभा राहिला आणि घसा साफ केला.

"उद्या दरबारातले दोन अधिकारी येतील. सोबत संदूक येईल. यादीप्रमाणे सातही नग तपासून, रक्ताच्या डागांसकट, त्यात कुलूपबंद होतील. महाराजांची इच्छा आहे की पुढच्या पिढ्यांनी ते रक्त पाहावं."

"डागांसकट?" मावशीने विचारलं.

"म्हणजे काय, डागांसाठीच! पाण्याचा एक थेंब जरी लागला तरी ज्या बाईने लावला ती मरेपर्यंत सूतकताईच्या तुरुंगात बसेल. मला स्पष्ट सांगितलंय. लावला नाहीत ना?"

त्याच्या लांब मानेमागे रुमाल वाऱ्यावर फडफडत होता. एकदा तर त्याच्या टोपीला घासून गेला. मावशी शांतपणे म्हणाली, "आम्ही काय वेड्या आहोत?"

तो गेल्यावर ती पाटावर बसली, आणि मी तिला पहिल्यांदा म्हातारी झालेली पाहिलं. त्रेसष्ट वर्षांची होती. सूतकताईच्या तुरुंगात गेलेल्या तिच्या वयाच्या बायका वर्षभर टिकत नसत. तिथे अंथरूण गवताचं, खोकला सगळ्यांचा एक, आणि हात थांबला की वेताची छडी.

"मावशी, कोंबडी कापूया," मी म्हणाले.

"ताजं रक्त लाल दिसतं. बाकी सहांवरचं बघ, महिन्याचं आहे. मौरिट्स मूर्ख आहे, आंधळा नाही."

"मग तव्यावर वाळवूया."

"गेर्ट्रूड, अठ्ठेचाळीस वर्षं मी डाग बघतेय. वाळवलेला आणि वाळलेला वेगळा दिसतो." मग म्हणाली, "आणि राजाच्या नावावर कोंबडी नको. एवढा काही वाईट नाही तो."

मग ती उठली, खोलीत गेली, आणि गादीखालून एस्बेनचा रुमाल घेऊन आली. तो तिने राजाच्या सदऱ्याशेजारी ठेवला. तेच तागाचं कापड, तीच वीण. राजाच्याच मेजावरचं होतं ते. रक्ताचा रंग तोच. एकाच दिवसाचं, एकाच जहाजावरचं, कोण जाणे, एकाच गोळ्याचं.

मला रडू फुटलं. "नको मावशी. तेवढाच तर राहिलाय त्याचा. मी जाते तुरुंगात, मी धुतला म्हणून सांगते."

"गप्प बस. तुझ्यावर कोण विश्वास ठेवेल? तुझ्या हाताने हा डाग निघालाच नसता." तेव्हाही तिची ऐट गेली नव्हती. मग ती माझ्याजवळ सरकली. "हे बघ. मी आज आहे, उद्या नाही. मी मेले की तू माझी गादी झटकशील आणि हा रुमाल धुवून टाकशील."

"नाही धुणार! शपथ घेते!"

"धुशील गं. माझ्याच हाताखाली शिकलीस तू. तुझ्याने राहवणार नाही. नाहीतर कसर खाईल, नाहीतर उंदीर. आणि तिथे बघ, ओकची संदूक, कुलूप, दारात बंदूकवाला. एस्बेनला जन्मात कुणी असं जपलं होतं का?"

तिने सुईत लाल दोरा ओवला. जिथली खूण तिने स्वतः उसवली होती, तिथे कापडात जुन्या टाक्यांची भोकं अजून दिसत होती. एकेका भोकातून सुई घालत तिने मुकुट पुन्हा शिवला, मग राजाचं अक्षर. शेवटची गाठ मारून तिने दोरा दातांनी तोडला आणि रुमालावरून एकदा हात फिरवला. मी तोंड दुसरीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले, संदूक आली. मौरिट्सने यादी वाचली. एक, दोन, तीन. सातव्यावर त्याने तो रुमाल दोन बोटांनी उचलला. मावशीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ दोन दिवस राहिले.

"अरे देवा," अधिकारी पुटपुटला, "सगळ्यांत जास्त रक्त यावरच आहे. महाराजांनी काय सोसलं असेल!"

आणि त्याने टोपी काढली. दुसऱ्यानेही काढली. मौरिट्सने काढली आणि मान एवढी खाली घातली की ती आता तुटते की काय असं वाटलं. आमच्या एस्बेनसमोर तीन मोठी माणसं उघड्या डोक्याने उभी होती. मावशीही वाकली. राजवाड्यात ती हजार वेळा वाकली असेल, पण मनापासून वाकताना मी तिला तेव्हाच पाहिलं. रुमाल संदुकीत सगळ्यांच्या वर ठेवला गेला.

राजाचा खरा रुमाल आमच्याकडेच राहिला. खूण उसवून आम्ही तो चीज करताना दही गाळायला घेतला. चांगली वीण होती, पाणी पटकन निथळायचं. चार वर्षांनी राजा गेला, शहरभर काळे झेंडे लागले, आणि त्या दिवशीही त्याच्या रुमालात चीज टांगलेलं होतं. या राजाने मनोरे बांधले, महाल बांधले, लढाया तर मोजायलाच नकोत. आमच्या घरी त्याचा उपयोग झाला तो एवढाच, पण रोज झाला.

दर वसंतात संदूक उघडून कपड्यांना वारा द्यायचं काम मावशीकडेच आलं. डागांची माहिती तिच्याइतकी कुणाला होती? बघायला मोठमोठे लोक यायचे. एकदा एक सरदारीण त्या रुमालापाशी उभी राहून अक्षरशः हुंदके द्यायला लागली. "बघा ना," ती म्हणाली, "रक्ताकडे पाहूनच कळतं, हे साध्या माणसाचं नाही."

"नाहीच, बाईसाहेब," मावशी कोपऱ्यातून म्हणाली. "साधा नव्हताच तो."

सरदारणीने तिला पदरचं एक संत्रं दिलं. घरी येऊन आम्ही ते अर्धं अर्धं खाल्लं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. नंतर मावशी नुसतीच रडली.

आता तिला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मी तिसरा राजा बघतेय, नाव पुन्हा ख्रिश्चन. संदुकीला वारा द्यायचं काम माझ्याकडे आहे, आणि मावशी म्हणाली होती ते खरंच होतं: दर वर्षी तो रुमाल हातात घेतला की माझी बोटं शिवशिवतात. थंड पाणी, मीठ, तीन दिवस. मला येतं आता ते. म्हणून मी त्या खोलीत पाण्याचा पेलासुद्धा नेत नाही.

आणि मला तिचा शेवटचा वसंत आठवतो. तिला चालवत नव्हतं, मी धरून नेलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. तिने संदूक उघडली, रुमाल दोन्ही हातांवर घेतला, तोंडाजवळ नेला आणि इतक्या हळू बोलली की मी शेजारी नसते तर मलाही ऐकू आलं नसतं.

"राहू दे रे सदरा," ती म्हणाली. "ये तसाच जेवायला."